व्हायोलिनची तार उकलली किंवा तुटली: नवी येईपर्यंतचा इलाज

अंबाजोगाई, हिंगोली, उदगीर अशा गावांत व्हायोलिनची सुटी तार सहसा दुकानात हाती लागत नाही. हार्मोनियम, तबला, टाळ, पखवाज मिळतात, गिटारच्या तारा मिळतात. व्हायोलिनची मिळालीच तर अख्खा सेट घ्यावा लागतो आणि तो बहुधा शिकाऊ वाद्यावरचा स्वस्त स्टीलचा असतो. नेहमीची तार पुण्याहून किंवा हैदराबादहून यायला दोन-तीन दिवस जातात. युवक महोत्सवातला नंबर, गणपतीतला कार्यक्रम किंवा सप्ताहातली साथ तेवढी थांबत नाही. म्हणून ते दोन-तीन दिवस, किंवा निदान ती एक संध्याकाळ, कशी निभवायची ते इथे सविस्तर लिहितो आहे.

सगळ्यात आधी एक नियम. घोडी आणि नट (मानेच्या वरच्या टोकाची, तारांच्या खाचा असलेली पट्टी) यांच्या मधला जो भाग वाजतो, त्यात काहीही चिकटवायचं नाही, बांधायचं नाही, गाठ मारायची नाही. त्या भागाच्या बाहेर, म्हणजे घोडीमागे टेलपीसपर्यंत (तारांची खालची टोकं अडकतात तो भाग) आणि नटाच्या वर खुंटीपर्यंत, गाठ, दोरा, डिंक, फास सगळं चालतं. याचं कारण साधं आहे. तार सुरात वाजते ती तिचं वजन सगळीकडे सारखं असतं म्हणून. वाजणाऱ्या भागात फेव्हिक्विकचा एक थेंब जरी सुकला तरी तेवढ्या जागी वजन वाढतं, वरचे स्वरांश मूळ स्वराच्या नेमक्या पटीत राहत नाहीत आणि तार खोटी बोलायला लागते. मोकळी तार सुरात लावाल, पण बोट ठेवल्यावर प एका जागी आणि वरचा सा भलत्याच जागी सापडेल. त्यामुळे तार दुखावली की पक्कड शोधण्याआधी जागा शोधा.

जागा कशी शोधायची

वाद्य उजेडात धरा आणि कापसाचा छोटा बोळा तारेवरून अगदी हलका फिरवा. जिथे वरची गुंडाळी उचकटली असेल तिथे कापसाचे तंतू अडकतात. मोबाइलच्या कॅमेऱ्यातून मोठं करून पाहिलं तर गुंडाळी फक्त सैल झाली आहे, फाकली आहे की तुटून तिचं टोक वर आलं आहे तेही कळतं. या तिन्हींचे इलाज वेगळे आहेत.

तारेची रचना डोळ्यापुढे असू द्या. जी, डी, ए म्हणजे चौथी, तिसरी, दुसरी या तारांमध्ये आत एक गाभा असतो, तो स्टीलचा, सिंथेटिक धाग्याचा किंवा तातीचा (जनावराच्या आतड्याच्या दोरीचा), आणि त्यावर अॅल्युमिनियम, चांदी किंवा क्रोम स्टीलची बारीक पट्टी गुंडाळलेली असते. ई म्हणजे पहिली तार बहुतेक वेळा नुसती स्टीलची, साधारण ०.२६ मिलिमीटर जाडीची. ए आणि डी वर बहुधा अॅल्युमिनियम असतं आणि सगळ्यात आधी तेच जातं. घामातल्या मिठाने ते खातं, खडबडीत होतं, मग बोटाखाली उकलतं. आपल्या वादनात मींड आणि घसीट भरपूर, बोट तारेवरून सतत सरकत असतं, त्यामुळे पाश्चात्त्य पद्धतीने वाजवणाऱ्यापेक्षा आपल्याकडे गुंडाळी लवकर झिजते. बोटाला लावलेलं खोबरेल तेल घसीट सोपी करतं, पण ते गुंडाळीच्या फटीतून आत उतरतं आणि गज फिरतो तिथवर पोचलं तर रोझिन (गजाला लावायची राळ) धरत नाही. तेल लावायचंच तर नखाच्या टोकाएवढं, आणि वाजवून झालं की तार कोरड्या फडक्याने पुसायची.

घोडीमागे किंवा टेलपीसपाशी बिघडली असेल तर

ही सगळ्यात सोपी जागा. घोडी ते टेलपीस हा तुकडा साधारण साडेपाच सेंटिमीटरचा असतो आणि तिथे गुंडाळी उकलली तरी सुराला फारसा धक्का लागत नाही. काळजी एवढीच की उकल पुढे सरकत घोडीवर येऊ नये. तार काढा. वाद्यावर ठेवून डिंक लावू नका, कारण फेव्हिक्विक पॉलिशवर पडला तर डाग कायमचा. उकललेलं टोक नेलकटरने कापा, त्या जागी शिलाईचा पॉलिस्टर दोरा एक सेंटिमीटरभर एकमेकांना चिकटून गच्च गुंडाळा आणि वर टाचणीच्या टोकाने फेव्हिक्विक टेकवा. सुती दोरा घेऊ नका. सुती दोऱ्यावर फेव्हिक्विक जास्त पडलं तर ते चांगलंच तापतं, बोट भाजतं आणि सिंथेटिक गाभ्यालाही ती आच नको. दहा मिनिटं सुकू द्या, मग चढवा.

टोकाचा बॉल, म्हणजे टेलपीसमध्ये अडकणारा धातूचा मणी, निघून आला असेल तर गाभा कशाचा आहे ते पाहावं लागतं. सिंथेटिक किंवा तातीच्या गाभ्याला गाठ चालते. शेवटच्या तीन-चार सेंटिमीटरवरची गुंडाळी सोडवून टाका, जुन्या तुटक्या तारेच्या बॉलमधून गाभा ओवा आणि मागे इंग्रजी आठच्या आकाराची गाठ मारून ओढा. गाठीआधी गुंडाळी जिथे संपते तिथे वर सांगितलं तसं दोऱ्याचं बांधकाम करा, नाहीतर ताण आला की ती पुढे उकलत जाईल. स्टीलच्या गाभ्याला गाठ मारू नका. ताणलेल्या स्टीलला कडक मोड सहन होत नाही, गाठीतच तुटते. तिथे पीळ द्यायचा: तार बॉलमधून ओवून दोन्ही पदर एकमेकांभोवती सारखे सहा-सात वेळा पिळा आणि मग मोकळं टोक मुख्य तारेभोवती तीन-चार वेढे चिकटून गुंडाळा. दोन्ही पदर एकमेकांना सारखे पिळले गेले पाहिजेत. एक पदर सरळ राहून दुसराच त्याच्याभोवती फिरला, तर तार ताणताना पीळ सरकतो आणि सूर उतरत राहतो.

खुंटीपाशी तुटली असेल तर

खुंटीच्या भोकापाशी किंवा पहिल्या वेढ्यात तुटलेली तार बहुधा वाचते. खुंटीची जाडी तिथे साधारण सात मिलिमीटर, म्हणजे एका वेढ्याला बावीस मिलिमीटर तार लागते. नव्या तारेचे चार वेढे बसले असतील तर तिथे जवळजवळ नऊ सेंटिमीटर तार गुंडाळलेली आहे. दोन वेढे धरायला पुरेसे असतात, फक्त दुसरा वेढा पहिल्या टोकावरून गेला पाहिजे म्हणजे टोक दाबून बसतं. म्हणजे चार-पाच सेंटिमीटर गेले तरी चालतं.

कापण्याची पद्धत मात्र नीट पाळा. गुंडाळीची तार सरळ कात्रीने कापली की कापल्या जागेपासून गुंडाळी सैल होत खाली वाजणाऱ्या भागापर्यंत जाते. कारखान्यात त्या टोकाला रंगीत रेशीम गुंडाळलेलं असतं ते याचसाठी. स्टीलचा गाभा असेल तर कापायच्या जागेच्या अलीकडे तार पकडीने काटकोनात मोडा आणि मोडीच्या पलीकडे कापा, मोडीमुळे गुंडाळी अडते. सिंथेटिक गाभा असेल तर आधी एक सेंटिमीटर दोरा-डिंकाचं बांधकाम, ते सुकल्यावर त्याच्या मधोमध काप.

तार त्याहून खाली, नट आणि खुंटीच्या मधे तुटली तर जोड द्यावा लागतो. हे डी आणि ए तारांना जमतं, कारण त्यांच्या खुंट्या नटापासून लांब आहेत आणि गाठीला जागा मिळते. जी आणि ईच्या खुंट्या नटाला अगदी लागून आहेत, तिथे गाठ खुंटीवर चढते किंवा नटाला टेकते. जोडासाठी जुन्या सिंथेटिक तारेचा गुंडाळी काढलेला गाभा किंवा टेलगटची, म्हणजे टेलपीस वाद्याला बांधतात ती, नायलॉन दोरी घ्या. गाठ विणकर मागावर तुटलेला धागा सांधताना मारतात ती: जोडाच्या दोरीचं टोक दुमडून फास करायचा, तारेचा गाभा फासातून खालून वर काढायचा, फासाच्या दोन्ही पायांमागून फिरवायचा आणि स्वतःच्याच खालून दडपून ओढायचा. टोकं पाच-सहा मिलिमीटर ठेवून बाकी कापा. तार सैल असताना गाठ नटाच्या अर्धा सेंटिमीटर वर असू द्या; ताणल्यावर ती खुंटीकडे आणखी सरकते. नटावर गाठ आली तर उतरवा आणि पुन्हा करा, तशी वाजवून पाहू नका. स्टीलच्या गाभ्याला हा जोड देण्याच्या भानगडीत पडू नये, त्याला पर्याय पुढे आहे.

नटाजवळ किंवा घोडीजवळ उकलली असेल तर: तार सरकवा

वाजणाऱ्या भागात दुरुस्ती करायची नाही हे खरं, पण दुखावलेली जागा वाजणाऱ्या भागातून बाहेर नेता येते. तात्पुरत्या इलाजांमध्ये सगळ्यात कामाचा हाच आहे आणि तो फार कमी जणांना माहीत असतो.

नटाच्या खाली आठ-दहा मिलिमीटरवर गुंडाळी फाकली आहे असं धरा. अख्खी तार खुंटीच्या दिशेने सेंटिमीटरभर सरकवली तर ती जागा नटाच्या वर निघून जाईल आणि बोटाला चांगली तार लागेल. त्यासाठी टेलपीसकडे तेवढी लांबी वाढवायची. त्या तारेला फाइन ट्यूनर (सूर बारीक जुळवायचा टेलपीसवरचा स्क्रू) नसेल आणि जवळ एक सुटा असेल तर तो बसवा. भोकात बसवायच्या साध्या फाइन ट्यूनरची कडी भोकाच्या पुढे, घोडीकडे असते, त्यामुळे तार साधारण सेंटिमीटरभर पुढे जाते. प्रत्येक ट्यूनरचं माप वेगळं, म्हणून आधी पट्टीने मोजून घ्या. ट्यूनर नसेल किंवा जास्त सरकवायचं असेल, तर टेलगटच्या नायलॉन दोरीचा दुहेरी फास करा, त्याची गाठ टेलपीसच्या भोकाखाली अडकवा आणि पुढच्या वळशात तारेचा बॉल अडकवा. दोन-तीन सेंटिमीटरपर्यंत हे आरामात जमतं. बॉल घोडीमागे हवेत दिसेल, दिसू द्या. घोडीमागची लांबी बदलल्याने आवाजात थोडा फरक पडतो, तो एका कार्यक्रमापुरता चालवून घ्या. नायलॉन ताणतं, म्हणून हे काम वाजवण्याच्या निदान दोन तास आधी करा.

घोडीच्या पुढे लगेच तार दुखावली असेल, जी बहुधा घोडीच्या खाचेने कापलेली असते, तर उलट करा. त्या तारेचा फाइन ट्यूनर काढून बॉल सरळ टेलपीसच्या भोकात अडकवा. तार मागे सरकते आणि दुखावलेली जागा घोडीच्या मागे जाते. खुंटीवर एखादा अर्धा वेढा कमी होईल, तेवढा असतोच.

सरकवल्यावर फाकलेली जागा नटावर किंवा घोडीवर बरोबर येऊन बसणार नाही हे पाहा. ती कडेपासून निदान तीन-चार मिलिमीटर पलीकडे हवी. खाचेत शिसपेन्सिलचं टोक दोन-तीनदा घासा म्हणजे तार अडखळत नाही.

मधोमध उकलली असेल तर

इथे हात आखडता घ्यावा लागतो. गुंडाळी फक्त सैल झाली असेल, तार घरघरत असेल पण तुटलेलं टोक दिसत नसेल, तर पीळ देऊन पाहा. तार सैल करून बॉल सोडवा, बॉलला गुंडाळी घट्ट होईल त्या दिशेने अर्धा ते एक फेरा द्या आणि तसाच धरून पुन्हा अडकवा. दिशा ओळखायला तार दोन बोटांत धरून हलकी पिळा: गुंडाळीच्या फटी उघडल्या तर दिशा चुकली, मिटल्या तर बरोबर. एकाहून जास्त फेरा देऊ नका, तार मग वेडीवाकडी डोलते.

गुंडाळी तुटून टोक वर आलं असेल तर ते बोट चिरतं आणि गजाचे केस तोडतं. नेलकटर तारेला टेकवून टोक सपाट कापा. ओढून काढायचा मोह टाळा, एक मिलिमीटरची उकल दहा मिलिमीटर व्हायला वेळ लागत नाही. यापुढे त्या तारेकडून पूर्ण सुराची अपेक्षा ठेवू नये. उघड्या गाभ्याच्या जागी वजन कमी झालेलं असतं, म्हणून ती खोटी बोलणारच. मग वादनच तिच्याभोवती आखा. चौथी तार असेल तर खर्जातलं काम आवरतं घ्या. दुसरी असेल तर मध्य सप्तकातलं पुष्कळसं काम तिसऱ्या तारेवर हात वर नेऊन करता येतं, आवाज जरा गडद येईल पण सूर खरा राहील. सूर खरा ठेवण्यासाठी सवयीची जागा सोडावी लागली तर खुशाल सोडा.

ताण कमी करा

दुरुस्त केलेल्या कुठल्याही तारेचं आयुष्य वाढवायचं तर सूर उतरवणं हा हुकमी उपाय. ताण स्वराच्या कंपनसंख्येच्या वर्गाने बदलतो. म्हणजे अर्धा स्वर उतरवला की ताण सुमारे ११ टक्के कमी, एक पूर्ण स्वर उतरवला की २१ टक्के कमी, दोन स्वर उतरवले की ३७ टक्के कमी. आपल्याला यात मोठी सोय आहे, कारण आपला सा हलतो. पांढरी एकला (सी स्वराला) सा धरून प-सा-प-सा लावलं तर चौथी तार आपल्या मूळ जीवरच राहते आणि बाकीच्या तिन्ही उतरतात: तिसरी आणि दुसरी एक स्वर, पहिली दोन स्वर. गायकाची साथ नसेल, एकल वादन असेल, तर दुखावलेल्या तारेच्या दिवशी हाच सा घ्यावा. तबलजींना मात्र वेळेवर सांगा. काळी एकचा (सी शार्पचा) तबला ऐनवेळी पांढरी एकला उतरवणं त्यांच्यावर अन्याय आहे.

याच हिशेबाने एक धोकाही कळतो. ए तुटली म्हणून डीची तार एपर्यंत चढवायला जाऊ नका. तिथे ताण सव्वादोन पट होतो, तार तर जातेच, घोडीही पडू शकते. उलट जुनी ईची तार एपर्यंत उतरवून लावता येते. ताण निम्म्याहून कमी, आवाज बारीक आणि पोकळ, पण प वाजतो.

पहिली तार तुटली आणि दुसरी नाही

ही स्टीलची सरळ तार, म्हणून तिला पर्याय सापडतो. गिटारच्या सेटमधली ०.०१० इंचाची पहिली तार ०.२५४ मिलिमीटरची असते, म्हणजे ईच्या जवळपास तीच. सव्वातीनशे मिलिमीटरच्या वाजणाऱ्या लांबीवर ती ई स्वराला सुमारे साडेसात किलो ताण घेते. व्हायोलिनला हा ताण रोजचाच. गिटारच्या तारेचा बॉल तुमच्या टेलपीसच्या भोकात बसतो का पाहा. न बसला तर कापून टाका आणि जुन्या ईच्या बॉलवर वर सांगितला तसा पीळ द्या. ईला कडीचा फाइन ट्यूनर असेल, म्हणजे तारेच्या टोकाला बॉलऐवजी फास लागत असेल, तर बॉल न घेता नुसता फास पिळा.

गिटारची तारही नसेल तर सतारीची किंवा वीणेची. हरिनाम सप्ताह होणाऱ्या गावात वीणेकऱ्याकडे जादा पोलादी तारेचं भेंडोळं असण्याची शक्यता बरीच. जाडी मात्र मोजून घ्या. मायक्रोमीटर नको: पेन्सिलीवर वीस वेढे एकमेकांना चिकटून गुंडाळा आणि पट्टीने रुंदी मोजा. पाच मिलिमीटर आली तर तार ०.२५ ची, सहा आली तर ०.३० ची. ०.३० ची तार ईपर्यंत चढवू नका, तिथे ताण दहा किलोच्या वर जातो. तीच काळी एकला लावली तर ताण साडेसातच्या आतच राहतो, म्हणजे वाद्याला नेहमीचाच. काळी एकला सा असणाऱ्यांची तर आयतीच सोय. ०.२२ ची असेल तर ताण साडेपाच किलोच्या आसपास पडतो, तार गजाखाली शिट्टी मारते. गज हलका आणि घोडीपासून जरा लांब चालवा. पितळेची तार इथे चालत नाही, तिची ताकद तेवढी नाही.

उघडी स्टीलची तार घोडीत रुतते. नेहमीच्या ईवर असते ती प्लास्टिकची बारीक नळी जुन्या तारेवरून काढून घ्या, नाहीतर चामड्याची किंवा जाड कागदाची बोटाच्या नखापेक्षा लहान चकती खाचेत ठेवा.

चढवताना

एका वेळी एकच तार काढा. चारही सैल झाल्या तर घोडी पडते आणि आतला साउंड पोस्ट (घोडीजवळ आत उभा असलेला लाकडी दांडू) निसटतो. तो बसवायचं हत्यार आणि हात गावात मिळणं अवघड. तार आधी दोन स्वर खाली लावा, पाच मिनिटं थांबा, मग अर्धा-अर्धा स्वर चढवा. प्रत्येक टप्प्याला घोडी बाजूने पाहा: टेलपीसकडची बाजू पोटाशी काटकोनात हवी. पुढे झुकली असेल तर दोन्ही हातांनी वरची कड हळू मागे घ्या. चेहरा तारेच्या रेषेत ठेवू नका, चष्मा असेल तर लावा, पिळलेली स्टीलची तार सुटली तर डोळ्यापर्यंत येते.

उन्हाळ्यात खुंटी सुकून आकसते आणि घसरते. परभणी-नांदेडच्या मे महिन्यात हे रोजचंच. शाळेचा खडू खुंटीवर घासा, फिरवताना आत दाबत फिरवा. पावसाळ्यात उलट, खुंटी फुगून बसते. तेव्हा कोरडा साबण आणि शिसपेन्सिल. ताणलेल्या दुरुस्त तारेला खुंटीचा एक झटका पुरतो, म्हणून खुंटी आधी गुळगुळीत चालती करून मगच तार लावा.

सारंगीच्या तातीबद्दल

सारंगीच्या तीन मुख्य तारा तातीच्या असतात, त्यांना गाठ मानवते, म्हणून वरचं बरंचसं तिथे सोपं होतं. तातीला केस फुटले, म्हणजे बारीक तंतू उभे राहिले, तर ते ओढू नका. नेलकटरने मुळाशी कापा आणि बदामाच्या तेलाचं अगदी पुसटसं बोट त्या जागेवर फिरवा, गजाची जागा सोडून. नखाच्या मागच्या कातडीने तात घासली जाते त्या पट्ट्यात झीज जास्त दिसते. खुंटीवर जादा तात राखलेली असेल तर ती थोडी सोडून झिजलेली जागा पुढे-मागे करता येते. जोडगाठ इथेही नटाच्या वरच. दमट हवेत तात फुगते आणि सूर सारखा हलतो, तेव्हा पावसाळ्यात नवी गाठ मारलेली तात बैठकीआधी तासभर ताणून ठेवावी.

तार का तुटली ते पाहिल्याशिवाय नवी लावू नका

तार दर वेळी त्याच जागी जात असेल तर दोष तारेचा नाही. नटाची खाच तारेच्या जाडीइतकी रुंद आणि जाडीच्या तिसऱ्या हिश्श्याएवढी खोल, फार तर निम्मी, असावी आणि खुंटीकडे गोलाईने उतरावी. अरुंद, खोल किंवा धारदार खाच अॅल्युमिनियमची गुंडाळी चिमटते. घोडीचंही तसंच. तात्पुरता उपाय असा: तुटलेल्या त्याच तारेच्या तुकड्यावर ६०० नंबरचा पॉलिश पेपर दुमडून खाचेत आठ-दहा वेळा हलक्या हाताने फिरवा, मग पेन्सिल. खाच जास्त खोल करू नका, तार बोटं ठेवायच्या पट्टीला टेकून खरखरेल. खुंटीच्या भोकाची कड धारदार असेल तर तीही याच पेपरने मोडा.

केसमध्ये एक छोटी डबी असू द्या: जुन्या तारांचे दोन-तीन बॉल, जुनी पण धड ईची तार, हातभर टेलगटची दोरी, पॉलिस्टर दोरा, नेलकटर, टोकदार पक्कड, पेन्सिल, खडू, पॉलिश पेपरचा तुकडा. फेव्हिक्विकची ट्यूब उघडल्यावर आपल्याकडच्या उन्हाळ्यात लवकर दगड होते, म्हणून ती बंद पाकिटातलीच ठेवा. आणि केस मे महिन्यात गाडीत ठेवू नका. तारेचं सोडा, वाद्याचे सांधेच उकलतात.

नवी तार मागवताना चार गोष्टी सांगा: वाद्याचा आकार पूर्ण की पाऊण, तार कोणती, टोक बॉलचं की फासाचं, आणि बाकीच्या तीन तारा कुठल्या कंपनीच्या व गाभ्याच्या आहेत. तीन सिंथेटिक तारांत एक स्टीलची बसवली तर ती एकटीच ओरडते. नांदेड, देगलूर, उदगीरकडच्यांना हैदराबाद जवळ पडतं, संभाजीनगर, जालना, बीडकडच्यांना पुणे. ए आणि डी दोन-दोन मागवा, ई तीन; ई स्वस्त असते आणि तीच जास्त तुटते.